तेरा मुठी, दोन बोटं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी गेनबा दफेदारांचं नाव सांगतो. ऐकणारा जरा बुचकळ्यात पडतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, तोही गणित घेऊन बी.एस्सी. झालेला; तेव्हा एखाद्या प्राध्यापकांचं नाव येईल अशी त्याची अपेक्षा असते. प्राध्यापकांचं ऋण आहेच. पण गेनबा दफेदार शिक्षक नव्हते. चिंचवड स्टेशनजवळच्या ज्या कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तिथले ते शिपाई होते. हुद्द्याने माझ्या खालचे, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे.

कचेरी लहानशी होती. दोन खोल्या, मागे पत्र्याची पागा, पुढे आवार. डोंगरी मुलखात सामान वाहायला लष्कराला तट्टं लागत. ती निवडून घ्यायचं आमचं काम. साहेब पशुवैद्य होते. ते पुण्याहून आठवड्यातून दोनदा जीपने येत. शनिवारी चाकणच्या बाजारात कडुनिंबाखाली आमचं टेबल लागे, एरवी लोक जनावरं घेऊन आवारातच येत. दफेदार जनावराची उंची मोजत आणि मी लिहीत असे.

दफेदार हा त्यांचा घोडदळातला हुद्दा. पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली होती तरी तो नावाला चिकटून राहिला होता. राहायला ताथवड्याला. तिथून रोज पायी येत आणि येताना माप-काठी खांद्यावर टाकून आणत. काठी सरकारी होती, ती कचेरीत ठेवायची असा नियम होता. मी नवा असताना तसं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "बियेस्सी, काठी एकटी ऱ्हायली की वाकती."

ते मला बियेस्सीच म्हणत. पहिल्या दिवशी मला त्यात टोमणा वाटला. आठवड्याने कळलं की ताथवड्यात जाऊन त्यांनी सांगितलं होतं, आमच्या हापिसात एक बियेस्सी आलाय, निस्ता मॅट्रिक न्हवं.

काठी सागवानी होती. तिच्यावर इंचांच्या खुणा, खाली पितळी टोपण, वर सरकणारी आडवी पट्टी आणि पट्टीला जडवलेली छोटी पाणसळ. घोड्याची आयाळ संपते तिथे मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, त्याच्यावर ही पट्टी अलगद टेकवायची. घोड्याचं डोकं सरळ हवं. मान वर गेली की माप चुकतं. पण दफेदारांना काठी हातात घ्यायच्या आधीच उंची कळलेली असे. जनावर आवाराच्या फाटकातून आत येतानाच ते पुटपुटत, "बारा, तीन." मग काठी लावत, पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास रोखून धरत, आणि मोठ्याने म्हणत, "बारा, तीन. लिवा."

घोड्याची उंची इंचांत सांगत नाहीत, हातांत सांगतात. हा हात म्हणजे आपला कोपरापासूनचा हात नव्हे. घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा, म्हणजे मुठीएवढा. दफेदार त्याला मूठच म्हणत. आणि ही सवय त्यांनी घोड्यांपुरती ठेवली नव्हती. कचेरीचं दार एकोणीस मुठी. साहेबांच्या जीपचं चाक सात मुठी. भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्यांनी मुलगा पाच फूट आठ इंच असल्याचं कळवलं. मुलगा बघायला दफेदार गेले. परत आल्यावर मी विचारलं, "कसा आहे मुलगा?"

"पोरगा चांगला हाय. सोळा मुठी, एक बोट."

मी हिशोब केला. पाच फूट पाच इंच. "दफेदार, म्हणजे त्यांनी तीन इंच वाढवून सांगितले की."

"तीन बोटं," ते म्हणाले. "म्या बी पोरीचा रंग वाढवून सांगितलाय. फिटलं."

एकदा चाकणच्या बाजारात एका व्यापाऱ्याचं उमदं तट्टू बोटभर जास्त भरलं. आमची मर्यादा होती १३.२. त्याहून उंच जनावर चालत नसे, कारण एकट्या जवानाला त्याच्या पाठीवर ओझं चढवता येत नाही. व्यापारी वाकून दफेदारांच्या कानाशी म्हणाला, "जरा दाबा की राव काठी. बोटभराचा तर सवाल हाय."

दफेदारांनी काठी काढून घेतली, पितळी टोपण धोतराला पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काठी दाबून घोडं बुटकं व्हत न्हाई मालक. दाबणारा व्हतो." बाजार हसला. व्यापारीही हसला, आणि पुढच्या शनिवारी तोच दफेदारांसाठी चहा घेऊन आला. चहा त्यांनी घेतला. बशीत ओतून, फुंकर मारत, त्याचं दुसरं तट्टू डोळ्यांनी मोजत.

आता माझ्या चुकीकडे येतो.

दफेदार "तेरा, एक" म्हणत आणि मी वहीत १३.१ लिहीत असे. "बारा, तीन" म्हटलं की १२.३. नियमाच्या पुस्तकातही १३.२ असंच छापलेलं होतं. ते दिवस दशांशाचे होते. नवे पैसे नुकतेच आले होते, पुढे मीटर आणि किलो येणार अशी हवा होती, आणि दशांश पद्धत हे प्रगतीचं लक्षण आहे असा मी कचेरीत, खाणावळीत, जिथे संधी मिळेल तिथे प्रचार करत असे. एक शिपाई तोंडी दशांश अपूर्णांक काढतो याचं मला मोठं कौतुक वाटे. महिनाभर मी तो रकाना लिहीत होतो. त्या महिनाभरात टिंबाच्या उजवीकडे तीनच्या वरचा एकही आकडा आला नव्हता, आणि गणिताच्या पदवीधराला ते दिसलं नाही. सोळा मुठी, एक बोट हा हिशोब मी तोंडी केला होता, पण वहीतल्या टिंबापुढचा आकडा म्हणजे तीच बोटं, हे डोक्यात आलंच नाही.

भाचीच्या लग्नाला दफेदार तीन दिवस रजेवर गेले. त्या शनिवारी साहेबही यायचे नव्हते. काठी दफेदारांनी माझ्या हातात दिली. देताना तिच्यावरून हात फिरवून म्हणाले, "बुडबुडा मधी आला की मगच बगा. घाई करू नगा." मी चाकणला गेलो, टेबल मांडलं आणि आलेली जनावरं मोजली. मोजण्यात मी कसूर केली नाही. इंच नीट वाचले, मग कागदावर चारने भागून हात काढले. एक्कावन्न इंच, भागिले चार: १२.७५. घेतलं. पंचावन्न इंच: १३.७५. परत. भागाकार मी दोन-दोनदा तपासला.

तिसरं जनावर म्हणजे चिंचवडच्या याकूबभाईंची घोडी. याकूबभाई स्टेशनवर टांगा हाकत. मी पहिल्यांदा ट्रंक घेऊन उतरलो तेव्हा त्यांनीच मला कचेरीपर्यंत आणलं होतं. घोडीचं नाव चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका, अंगाने गोल, स्वभावाने शेळी. पिंपरीला नव्या कारखान्यात याकूबभाईंना नोकरी लागली होती. मंगळवारी पहिली शिफ्ट. टांगा बंद होणार, मग घोडीचं काय करायचं? सरकारी पागेत गेली तर तिला वैरण, पाणी, डॉक्टर, सगळं मिळेल, म्हणून ते तिला घेऊन आले होते. नाहीतर चाकणचा एक व्यापारी तयार होता. तो वीटभट्ट्यांना जनावरं पुरवी. भट्टीवरची जनावरं किती दिवस टिकतात हे टांगेवाल्याला सांगावं लागत नाही.

चांदणी भरली चोपन्न इंच. चोपन्न भागिले चार, १३.५. मर्यादा १३.२.

"याकूबभाई, उंच आहे," मी म्हणालो. "बसत नाही नियमात."

"जरा पुन्हा बघता का साहेब?"

मी पुन्हा मोजलं. चोपन्नच. पुन्हा भागाकार केला. मला वाईट वाटलं, पण नियमाला धरून वागलो याचं थोडं समाधानही वाटलं. याकूबभाईंनी चांदणीच्या मानेवर थाप मारली, म्हणाले, "चल बाई, तू उंच झालीस," आणि गेले.

सोमवारी सकाळी दफेदार आले. लग्नाचे लाडू फडक्यात बांधून आणले होते. एक लाडू माझ्या हातावर ठेवून त्यांनी वही ओढली. अक्षरं त्यांना फारशी वाचता येत नसत, पण आकडे चांगले कळत. बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हे काय? बारा, आन्…?"

"पंच्याहत्तर. बारा पूर्णांक पंच्याहत्तर."

"बारा मुठी आन् वर पंच्याहत्तर बोटं?" दफेदार माझ्याकडे बघत राहिले. "बियेस्सी, हे तट्टू हाय का गोम?"

आणि ते हसायला लागले. पटका सैल होऊन कानावर आला तरी हसत होते. मी ओशाळून समजावू लागलो की चारने भागलं की असं येतं. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठ्याचं टोक तर्जनीवर टेकवलं, मग पुढच्या बोटावर, मग पुढच्या, मग करंगळीवर. "एक, दोन, तीन, चार. झाली मूठ. पुन्यांदा एक, दोन, तीन, चार. झाली दुसरी मूठ. सरतीला जी बोटं उरत्याल ती टिंबाच्या म्होरं. एक उरंल, दोन उरत्याल, तीन उरत्याल. चार उरली तर मूठच झाली की. अंगठा मोजत न्हाई, अंगठा मोजणारा हाय."

 टिंब होतं, पण ते दशांशचिन्ह नव्हतं. त्याच्या एका बाजूला मुठी, दुसऱ्या बाजूला उरलेली बोटं. बस, इतकंच.

दफेदारांचं बोट एव्हाना खाली सरकलं होतं. हसू गेलं.

"तेरा, पाच. हे पाचवं बोट कुठनं आणलं? इंच किती व्हते?"

"चोपन्न."

त्यांचा अंगठा बोटांवरून भराभरा फिरला. "तेरा मुठी, दोन बोटं. बरूबर हद्दीवर. कुणाचं जनावर?"

"याकूबभाईंची चांदणी."

ते उठले. "आज घालवायची म्हणला व्हता तिला. मघाशी टेसनावर लोक बोलत व्हते, याकूब घोडी घिऊन चाकणला गेला म्हणून. सायकल काढा."

मी सायकल काढली. दफेदार मागे कॅरियरवर बसले, माप-काठी निशाणासारखी उभी धरून. रस्त्याने भेटणारा प्रत्येक जण विचारत होता, "दफेदार, कुठं लढाई?" आणि ते म्हणत होते, "फुडं, फुडं!" मी पायडल मारत होतो आणि मनात एकच हिशोब चालला होता, घोडी चालते किती आणि आम्ही जातो किती. चुकलेला भागाकार एवढा जड असतो हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या काठी याकूबभाई दिसले. ते घोडीवर बसले नव्हते. लगाम हातात धरून पायी चालले होते आणि वाटेत जिथे हिरवं दिसेल तिथे तिला चरू देत होते. म्हणून आम्हाला सापडले. चांदणी पाणी पीत होती. काठावर बायका धुणं धूत होत्या, दोन गाडीवान बैल सोडून बसले होते.

मी सायकल टाकली आणि दफेदारांकडे पाहिलं. त्यांनी सांगावं अशी माझी इच्छा होती. ते काठी टेकून उभे राहिले.

"तुमी बोला," ते हळूच म्हणाले. "मोजणं चुकलं न्हाई, लिवणं चुकलं. लिवणारानं बोलावं."

सगळ्यांसमोर मी बोललो. घोडी उंच नाही, हिशोब माझा चुकला, तुम्हाला दोन दिवस उगाच त्रास झाला, मला माफ करा. एवढं बोलताना माझी पदवी पायाशी गळून पडली असं मला वाटलं. धुणं थांबलं. एक गाडीवान दुसऱ्याला म्हणाला, "आरं, सायेब माफी मागतोय."

 याकूबभाई चांदणीला म्हणाले, "ऐकलं का? दोन दिवस तू नुसती वहीत उंच होतीस." आणि माझ्याकडे वळून, "राव, बायकोनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. तुम्ही आता आमच्या घरी या आणि हेच सगळं तिच्यापुढे बोला."

दफेदारांनी धुण्याच्या दगडांपलीकडची एक सपाट शिळा शोधली आणि चांदणीला तिच्यावर उभं केलं. काठी लावली. बुडबुडा मध्ये आला. त्यांची नजर खुणेवर गेली आणि कपाळाला आठी पडली.

"चोपन्नाच्या वर हाय."

 याकूबभाईंचं तोंड उतरलं. दफेदारांनी वाकून घोडीचा पाय उचलला. "याकूब, नाल नवे?"

"काल ठोकून आणले," याकूबभाई म्हणाले. "भट्टीवर कोण ठोकणार तिला? म्हटलं, जाताना तरी पायात चांगले असावेत."

 दफेदारांनी तो खूर जमिनीवर ठेवताना फार हळू ठेवला.

मी घाईने म्हणालो, "दफेदार, शनिवारी जुने नाल झिजून पत्र्याएवढे पातळ झाले होते, तेव्हा चोपन्नच भरली होती. नव्या नालांचं अर्धं बोट वजा करून लिहितो."

"वजा करून न्हाई. काढून," ते म्हणाले. "एकदा अंदाजानं लिवलं की रोज लिवावं वाटतं."

मोशीच्या नालबंदाने चारही नाल उपटले. चावडीपुढच्या फरशीवर दफेदारांनी पुन्हा काठी लावली. याकूबभाई डोळे मिटून उभे होते. मी उजवा हात पाठीमागे धरून अंगठा बोटांवर फिरवत होतो.

"चोपन्न," दफेदार म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बियेस्सी, किती झालं?"

"तेरा मुठी, दोन बोटं."

"लिवा."

परतताना चांदणीला लगाम धरून याकूबभाई चालले, त्यांच्या मागे काठी घेऊन दफेदार आणि शेवटी सायकल ढकलत मी. चारही नाल याकूबभाईंनी रुमालात बांधून घेतले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला जाताना त्यांनी त्यातला एक कचेरीच्या दारावर ठोकला आणि भोंगा व्हायच्या आत धावत गेले.

साहेबांना सांगणं राहिलं होतं. मी अजून कायम झालो नव्हतो. आमच्या गावी वडील बाजारात दोर वळून विकत. मुलगा सरकारी नोकरीत लागला हे त्यांनी सगळ्या बाजाराला सांगून टाकलं होतं. दफेदारांनी मला एवढंच सांगितलं, "चुकलेलं खोडू नगा. वरनं लाल शाईनं खरं लिवा, आन् सही करा." मी तसं केलं. साहेब आले, त्यांनी वही पाहिली, मला उभं केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"ग्रॅज्युएट ना तुम्ही?"

"हो सर."

"मग आता दफेदारांकडून मॅट्रिक करा. हात पुढे करा. एकोणपन्नास इंच!"

मी अंगठा फिरवू लागलो. दफेदार दाराशी उभे राहून ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होते. "बारा मुठी, एक बोट," मी म्हणालो. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि माझी नोकरी राहिली.

पुढे दीड वर्ष मी त्यांच्याबरोबर काम केलं. मग कचेरी दुसरीकडे हलवायचं ठरलं आणि मला आमच्याच तालुक्यातल्या हायस्कुलात गणित शिकवायची जागा मिळाली. मी निघालो तेव्हा दफेदार स्टेशनवर आले. काठी खांद्यावर होतीच. गाडीला वेळ होता. त्यांनी मला फलाटाच्या सपाट फरशीवर उभं केलं.

"दफेदार, लोक बघताहेत."

"बगू द्या. डोकं सरळ. मान वर केली की माप चुकतं."

आडवी पट्टी माझ्या डोक्यावर अलगद टेकली. ते बुडबुड्याची वाट बघत राहिले. मागे एक हमाल म्हणाला, "दफेदार, भरला का लष्कराला?"

"सोळा, तीन," ते म्हणाले. "उंच हाय. न्हाई घेत." आणि पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. गाडी हलली तेव्हा ते काठी टेकून फलाटावर उभे होते, अगदी ताठ. नंतर त्यांची भेट झाली नाही. हे पत्र मात्र मी त्यांना पाठवलं होतं. कच्चा मसुदा माझ्या जुन्या वहीत सापडला, तोच खाली देतो.

तीर्थरूप दफेदार यांस साष्टांग नमस्कार.

पत्र याकूबभाई वाचून दाखवतील. याकूबभाई, तुम्हालाही सलाम. वाचताना पदरचं काही घालू नये.

मी खुशाल आहे. शाळेत मला दशांश शिकवायचे असतात. ते शिकवण्याआधी मी मुलांना हात पुढे करायला लावतो आणि चोपन्न इंचांच्या किती मुठी ते विचारतो. जो तेरा पूर्णांक पाच म्हणतो त्याला मी रागावत नाही. पाचवं बोट दाखव, एवढंच म्हणतो. परवा फळ्यावर माझंच एक उत्तर चुकलं. ते पुसलं नाही. वरून लाल खडूने बरोबर लिहिलं आणि माझं नाव घातलं. मुलांना गंमत वाटली. ही रीत तुमची आहे, हे त्यांना सांगितलं आहे.

आता मीटर येणार, काठीवरचे इंच जातील, असं म्हणतात. तुम्ही काळजी करू नये. बुडबुडा तोच राहील.

मुख्य गोष्ट कळवायची म्हणजे गेल्या गुरुवारी आम्हाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. दवाखान्यात नर्सबाईंनी टेपने मोजून एकोणीस इंच सांगितलं. त्या कागदावर लिहिणार तेवढ्यात मी उजवा हात पुढे केला आणि अंगठा फिरवला. नर्सबाई हसल्या. माझे वडील हसले नाहीत, मी शिकवल्याप्रमाणे तेही आपली बोटं मोजू लागले. दोघांचं उत्तर एकच आलं.

चार मुठी, तीन बोटं. डोकं सरळ होतं. चूक असल्यास कळवावे.

आपला,
बियेस्सी